वादी गैरहजर

"तारखेला वादी गैरहजर होता," वर्तमानपत्राचे वकील म्हणाले. "म्हणून खालच्या कोर्टानं दावा काढून टाकला. नियमच आहे तसा."

न्यायमूर्तींनी चष्मा कपाळावर सरकवला. "वादी तुरुंगात होता. तो काय टॅक्सी करून येणार होता?"

मागच्या बाकावर हवालदाराशेजारी बसलेला सुतार गालातल्या गालात हसला. जावयाच्या खुनाबद्दल तो जन्मठेप भोगत होता, पण ताठ बसायची खोड काही गेली नव्हती. वर्तमानपत्रानं त्याला जगासमोर खोटारडा ठरवलं, तसा त्यानं तुरुंगातूनच दावा ठोकला. बातमी आल्यापासून पोलीस लेकीच्या दाराशी घिरट्या घालत होते, शेजारीपाजारी कुजबुजत होते. ते त्याला बघवत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल लागला. ज्याच्या दाराची किल्ली सरकारच्या हाती, त्याला गैरहजेरीची शिक्षा देता येणार नाही. दावा पुन्हा चालवा, आणि वादीला दर तारखेला हजर करा.

"जिंकलो, काका!" वकीलबाई फाइल नाचवतच बाहेर आल्या. "पण आता शपथेवर साक्ष द्यावी लागेल. उलटतपासणीत ते तुमची सालटी काढतील."

"काढू देत की. लाकूड पक्कं आहे."

जिन्यापाशी लेक उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"बाबा, घ्या ना तो दावा मागे. किती दिवस असं? मीच जाऊन..."

"गप." त्यानं बेडी घातलेले दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. "पोराची शाळा सुटेल आता. नीघ तू. बाप खंबीर आहे अजून."

ती जिना उतरून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच खिळून राहिला. मग खांदे मोकळे करून गाडीकडे चालू लागला, जणू तोच हवालदाराला घेऊन निघाला होता.

हवालदाराला राहवेना. "काका, लोक इथं सुटकेसाठी येतात. तुम्ही एका बातमीपायी एवढा आटापिटा केलात. असं काय वाईट छापलं होतं हो?"

"काय छापलं?" सुताराचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी गुन्हा कबूल केला ना कोर्टात, ते म्हणे सगळं खोटं! लेकाच्यांनी छापलं, की मी निर्दोष आहे."