आजचं मीठ

आठव्या वर्षी मेंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सोरिमच्या डोक्यात नवीन काही टिकत नव्हतं. आता पस्तिशी आली तरी. पण आज तिला आईचा वाढदिवस कुणी न सांगता आठवला. उजाडायच्या आत उठून तिनं त्यांच्याकडं वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप केलं आणि वाडगा ऐटीत आईपुढं ठेवला. "बघ! म्हणे पोरीच्या लक्षात राहत नाही!" आईनं चमचाभर चाखलं. "गुणाची गं माझी बाय! आज मीठही बरोबर पडलंय." "आज म्हणजे?" आईनं घाईघाईनं दुसरा चमचा तोंडात घातला. सोरिमनं फ्रिज उघडला. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, डब्यांमागं तसल्याच सुपाची तीन पातेली दडवलेली होती. ती दार धरून उभीच राहिली. "आई, वाढदिवस आज तरी आहे ना?" आईनं मान वर न करता वाडगा संपवला आणि पुढं सरकवला. "वाढ की गं, अजून थोडं."