दोरीची ओढ

रुग्णवाहिका गोदावरीचा पूल ओलांडीत होती आणि तानुबाई दोरी ताणून धरून बसली होती. दोरीचे दुसरे टोक तिच्या पतीच्या, महारुद्राच्या, नाकातून पोटात उतरलेल्या नळीस बांधलेले होते. नळीच्या खालच्या अंगास हवेचा फुगा होता. अन्ननळीतील सुजलेल्या शिरा फुटून सकाळपासून त्यास रक्ताच्या उलट्या होत होत्या. तो फुगा वर ओढलेला राहिला, तरच त्या शिरा दाबल्या जात होत्या. दवाखान्यात ओढीसाठी सलाइनची भरलेली बाटली टांगली होती. चालत्या गाडीत ती झोके घेणार, म्हणून गंगाखेडच्या डॉक्टरांनी दोरी तानुबाईच्या हाती दिली होती.

"ढिली पडली तर रक्त सुटेल. हिसका बसला तर नळी निघेल," ते म्हणाले होते. "परभणीला दुर्बिणीतून शिरा बांधतील. तिथवर पोचले तर."

रस्त्याचे काम चालू होते. खड्डा आला की तानुबाई आपला हात अलगद गाडीबरोबर उचली.

"जल्मात पहिल्यांदा दादा वैनीच्या मुठीत घावलाय," समोर बसलेला दीर भागवत म्हणाला. त्याचे त्यासही हसू आले नाही.

"घावले तवा उरलंय काय, भाऊजी?"

महारुद्राने नेत्र उघडले. बोलणे त्यास अशक्य होते. त्याने तिच्या मुठीकडे बोट केले आणि मग आपली बोटे पसरून दाखविली. सोड.

"न्हाई सोडत," ती म्हणाली. "पिताना तुमी माझं ऐकलं न्हाई. आता मी तुमचं ऐकायची न्हाई."

त्याच्या डोळ्यांतील पाणी कानाकडे ओघळले. तिने ते एका हाताने पुसले. दुसरा हात हलला नाही.

त्याचा प्रत्येक श्वास दोरीतून तिच्या बोटांस कळत होता. त्यामुळे ती खिडकीबाहेर पाहत असली तरी तिचे लक्ष ढळत नव्हते. पोखर्णी मागे पडल्यावर दोन श्वासांमधील अंतर वाढू लागले. पुढे एक श्वास आला, आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही.

तानुबाईने मान वळविली नाही.

भागवत चालकाच्या काचेतून पुढे पाहत होता. "परभणी दिसायलीय, वैनी. आलंच आता," तो म्हणाला. "बोटाला रग लागली आसंल. द्या, मी धरतो जरा."

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," तानुबाई म्हणाली. "माझा हात बसलाय आता."