बिनरंगी फौज

मी आणि इमाद दर रविवारी टेबलावर बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या सैनिकांची लढाई खेळतो. त्याची फौज झकास रंगवलेली, माझी सहा वर्षांपासून डब्यातून निघाली तशीच राखाडी. "रंगवशीन कधी बे?" असं त्यानं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. "अकोल्याच्या गरमीत रंग ब्रशवरच वाळते. पाऊस येऊ दे, मंग रंगवू."

यंदा रागिणीनं, माझ्या मुलीनं, पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवायला दिला तेव्हाही मी तेच म्हणालो. बैल कोराच मिरवणुकीत आणि तिथून सजावटीच्या स्पर्धेत गेला. परीक्षकांनी तिच्यापुढे माइक धरला, "बैल काहून नाई रंगवला, बेटा?"

"बाबा म्हणते, पाऊस येऊ दे, मंग रंगवू."

महिनाभर पाऊस नव्हता, शिवारात सोयाबीन माना टाकून होतं. मांडवात एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मी शरमेनं मान खाली घातली, तर शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला. रागिणीला पहिलं बक्षीस मिळालं.

बक्षीस होतं रंगांचा डबा, आणि घरी पोचेस्तोवर पाऊसही आला. आता मी इमादला सांगतो, दमट हवेत रंग वाळत नाही.