मयताच्या पलीकडची गाय

“गुडघे गोठले माझे,” आल्डिथ पुटपुटली. “आणि ही बिअर म्हणावी तर नुसतं पाणी. मयताच्या घरची तरी जरा बरी करायची होतीस गं.”

“हळू, वन्सं,” हॉवीस म्हणाली. “गढीवरचा कारभारी आला.”

फळीवर ऑस्बर्ट निजला होता. हॉवीसचा नवरा, आल्डिथचा धाकटा भाऊ. परवा गेला. पांढऱ्या कापडात शिवून ठेवलेला. फळी बायकांनी मुद्दाम आतल्या दाराशी दोन बाकांवर आडवी टाकली होती, आणि दारावर घोंगडी टांगली होती. घोंगडीमागं गाय होती.

घरचा कर्ता मेला की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर गावच्या धन्याच्या गढीवर जायचं. रीतच होती तशी. ऑस्बर्टची जनावरं दोनच, एक लंगडा बैल आणि ही ब्रून. हॉवीसची तीन पोरं हिवाळाभर ब्रूनच्या दुधावर निघाली होती. धाकटीला तर अजून पाव चावताही येत नव्हता. पोरांना सकाळीच शेजारी धाडलं होतं. पोरं खरं बोलतात.

कारभारी गढीवर नवीनच आला होता. त्यानं टोपी काढली, छातीवर क्रूस केला.

“जनावरं काय काय आहेत, बाई?”

“बैल आहे. बाहेर बांधलाय.”

“गाय नाही?”

हॉवीसनं तोंड उघडलं, तेवढ्यात घोंगडीमागं ब्रून हंबरली. सकाळपासून तिची धार काढायची राहिली होती, कास दगडासारखी झाली असणार.

“अरे माझ्या राजा रे!” आल्डिथनं छाती पिटून गळा काढला. “सोडून गेलास रे आम्हाला!”

शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांनीही सूर धरला. हंबरणं थांबलं तशा त्याही थांबल्या. जरा जास्तच एकदम थांबल्या.

कारभारी दोन पावलं पुढं आला. फळीशी अडला. मयताला ओलांडून कोण जाणार?

“हे जरा बाजूला घेता येईल का?”

“पाद्रीबाबा येईपर्यंत हलवायचं नाही,” आल्डिथ नाक पुसत म्हणाली. “तुमच्याकडं हलवतात होय?”

तो ओशाळला. ब्रून पुन्हा हंबरली, या खेपेला लांबलचक. तीन बायका एकदम किंचाळल्या. हॉवीस धावली आणि तिनं नवऱ्याला मिठीच मारली. आपण होऊन ती त्याच्याजवळ गेली नव्हती, त्याला कित्येक वर्षं झाली होती. कापडात तोंड खुपसून ती रडू लागली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबताच येईना. ब्रून नेली तर धाकटीला काय पाजायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कारभारी टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“माणूस फार मायेचा असणार,” तो हळूच म्हणाला.

हॉवीसनं मोडून वाकडं जुळलेलं मनगट बाहीत ओढून घेतलं.

“बैल नेतो मी,” तो म्हणाला, आणि वाकून दाराबाहेर पडला.

बैलाची पावलं ऐकत सगळ्या बसून राहिल्या. तीन टापा नीट, चौथी घासत. ओढ्यावरचा लाकडी पूल वाजला. मग तोही वाजायचा थांबला.

ब्रून हंबरली. कुणी रडलं नाही. शेजारच्या एकीला हसू आलं, तिनं पदर तोंडात कोंबला, तशी दुसरीही खुसखुसू लागली.

हॉवीस उठली. फळीखालून सरपटत पलीकडं गेली. घोंगडीमागून धारांचा आवाज आला, आधी लाकडावर, मग दुधात. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला. हातात वाडगा, काठोकाठ, वाफाळता.

“वन्सं, आधी तुम्ही घ्या. घसा बसला असेल.”

आल्डिथनं एका दमात अर्धा वाडगा संपवला. वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली, ती तिनं तशीच राहू दिली. भावाकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं.

“सख्खा भाऊ माझा,” ती म्हणाली. “पण परवापासून डोळ्यात टिपूस नव्हतं गं. आज जे काय रडले, ते सगळं गाईसाठी.”