एकवीस नंबरची खोली

लालबागच्या चाळीला शंभर वर्षं झाली म्हणून जुने शेजारी हुडकायला हरूकाकांनी ॲप बनवलं. एकेका खोलीच्या नोंदीच्या पोटात तिथली माणसं, त्यांच्या पोटात मुलं, मुलांच्या पोटात नातवंडं कोंबली. कार्यक्रम उद्यावर आला आणि सर्च जागचा हलेना.

"काका, माझा चहा पिऊन झाला, तळेकरांची खोली अजून उघडतेच आहे!" कमिटीतली अनुजा वैतागली.

"अगं, आत चौतीस जण आहेत. दार कोणी उघडायचं यावरून भांडतायत," काका खिदळले.

अनुजाने सहज एकवीस नंबर टाकला. खोली झटक्यात उघडली.

"हे बघा! सगळ्या खोल्या अशाच करून टाका ना, काका!"



"नको गं," काका म्हणाले, "ती माझी खोली आहे. आत मी एकटाच."