निळी नखं

तपासनीस वळवीसाहेबांनी तिसावं पोर यंत्राच्या दिव्याखाली धरलं. त्याचीही नखं निळीशार उजळली. सरकारने पोषण आहाराच्या पिठात खुणेचं औषध मिसळायला सुरुवात केल्यापासून तपासणी सोपी झाली होती. नख निळं दिसलं, की खर्च पोटात पोचला.

अंगणवाडीची सुगंधाताई मात्र वजनकाट्याकडे बघत होती. तीन महिने नखं निळी, आणि तीन महिने काटा जागचा हलेना.

"साहेब, या पिठातच काहीतरी गोम आहे."

"यंत्र कशाला खोटं बोलेल, ताई? आयाच घरी उपाशी ठेवत असतील."

सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवं पाकीट फोडून मूठभर पीठ उंबऱ्याशी ओतलं. शेजारी स्वतःच्या डब्यातली चतकोर भाकरी कुस्करली.

"बसा, चहा टाकते."

चहा होईतो मुंग्यांची रांग लागली. ती पिठापाशी आली, वळसा घालून पुढे गेली आणि भाकरीवर तुटून पडली.

"नुसती खूणच आहे, साहेब. दाणा नाहीच यात."

साहेबांनी मुंग्यांकडे एकदा बघितलं आणि यंत्र पुढे ओढलं.

"यंत्रात मुंग्यांचा रकाना नाही, ताई," ते म्हणाले, आणि त्यांनी 'शंभर टक्के' वर बोट दाबलं.