जुनं प्लग-इन

लेकीच्या आजारावर एकाच शास्त्रज्ञाने काम केलं होतं आणि बिघडलेल्या प्रथिनाचं मॉडेल वेबसाइटवर ठेवलं होतं, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं. आई रसायनशास्त्राची शिक्षिका. ती शाळेतून आली की ते पान उघडून बसायची, पण मॉडेलच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसायचा. शेवटी तिने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, त्यावर जुना ब्राउझर टाकला, मॉडेल दाखवणारं, नव्या ब्राउझरमध्ये बंद झालेलं प्लग-इन कुठून कुठून शोधून आणलं आणि धोक्याची प्रत्येक सूचना "हो गं बाई, कळलं" म्हणत बंद केली.

रविवारी दुपारी प्रथिन स्क्रीनवर गरगर फिरायला लागलं.

"माझ्यात बिघडलंय ते हेच का गं, आई?" लेक अंथरुणातून म्हणाली. "दिसायला किती छान आहे!"

आईने डोळे पुसले आणि पानावरचा नंबर फिरवला. फोन खुद्द शास्त्रज्ञांनीच उचलला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "सर, तुमचं मॉडेल उघडलं. आता पुढे काय करायचं?"



"उघडलं?" म्हातारा आवाज हरखला. "लॅब बंद पडल्यापासून मला ते बघायलासुद्धा मिळालेलं नाही हो. कसं उघडलंत, जरा सांगता का?"